खिडकीकडचा गाल

ती. वन्संना,

भावजयीचा नमस्कार. पत्रास कारण तुम्हीच.

तुमची तब्येत ठीक असेल असं धरून चालते. गुडघा कसा आहे, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना, वरच्या मजल्यावरचे लोक अजून रोज पलंग सरकवतात का, हे सगळं मी अगदी मनापासून विचारते आहे. कारण पुढची पानं वाचायला तब्येत धड हवी, आणि वाचता वाचता तुम्हाला काही झालं तर तेही माझ्याच नावावर जाईल. इकडे तुमचे भाऊ बरे आहेत, मुलगा बरा आहे, घर जागेवर आहे. माझा चेहरा तेवढा जागेवर नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोनवर माझं दुसरं वाक्य संपायच्या आत तुमचं चौथं सुरू झालेलं असतं. मी भांडायला म्हणून फोन लावते आणि ठेवते तेव्हा तुमच्याकडून कपाटातली कसर कशी घालवायची ते शिकून बसलेली असते. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी तुम्ही ते शेवटपर्यंत वाचणार, एवढी तुम्हाला ओळखते.

तर पहिल्यापासून सांगते. दीड महिन्यापूर्वी मुलाच्या लग्नाची आवराआवर झाल्यावर तुम्ही निघालात. दारात चपला घालता घालता वर माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “चेहऱ्याकडे बघ गं जरा. गाडीच्या सीटकव्हरसारखा झालाय.” शेजारी विहीणबाई उभ्या होत्या. नवी सून उभी होती. तिला या घरात येऊन पुरते तीन दिवस झाले नव्हते आणि सासूबद्दल तिचं काही मत व्हायचं होतं, ते तिथेच झालं. मी हसले. (हसल्यामुळे सुरकुत्या आणखी ठळक दिसल्या असतील, तेही तुम्ही टिपलं असणार.) वन्सं, बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते. सकाळी आठ ते दुपारी एक, शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर, काच खाली करून. काच वर केली की शिकणाऱ्याला घाम फुटतो आणि घाम फुटला की त्याच्या हातातून स्टिअरिंग सटकतं. म्हणजे बावीस वर्षं माझा एक गाल उन्हात आणि दुसरा लोकांच्या किंकाळ्यांत. याचं सीटकव्हर होणार नाही तर काय होणार? पण हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही. तुमच्या कुठल्याही वाक्याचं उत्तर मला तुम्ही घरी पोहोचून हातपाय धुतल्यावर सुचतं.

ते वाक्य मी गिळलंही असतं. तुमची आजवरची पुष्कळ वाक्यं गिळली आहेत. पण नेमकं त्याच सुमारास आमच्या मालकांनी ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड बदलायचं ठरवलं. जुन्या बोर्डावर एक गाडी रंगवली होती, तिची चाकं इतकी वाकडी होती की लोक शिकायला येण्याआधी विचारायचे, गाडी हीच का. मालक म्हणाले, नव्या बोर्डावर बाईंचा फोटो टाकू. बाई म्हणजे मी. फोटो पाच फूट उंच आणि खाली ठळक अक्षरांत एकच ओळ: “बावीस वर्षं, एकही अपघात नाही.” वन्सं, मालक हा असा माणूस आहे की बावीस वर्षांत त्याने मला एकदा “बरं” म्हटलं आहे, तेही मी सर्दीने रजा मागितली तेव्हा. त्याने आपण होऊन माझा फोटो लावायचं म्हणावं, याने मला काय वाटलं असेल ते तुम्हाला कळायचं नाही. मी घरी येऊन दार लावून आरशासमोर उभी राहिले. पाच फुटी चेहरा म्हणजे एकेक सुरकुती हातभर लांब. फोटोला चार आठवडे होते. आणि दोनच दिवसांत तुमचं पार्सल आलं.

पार्सलात करंगळीएवढी ट्यूब आणि घडी घातलेली चिठ्ठी. पस्तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेली बाई पाठवते म्हणजे चीज अस्सल असणार, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मी चिठ्ठी उघडली. पहिली ओळ होती: “तुला सांगून उपयोग नाही, तरी लिहिते.” वन्सं, मी खोटं बोलत नाही, मी तिथेच थांबले. माणूस औषध पाठवतो तेव्हा पहिल्या ओळीत “कशी आहेस” लिहितो, निदान “हे घे” लिहितो. सांगून उपयोग नाही ना, मग नका सांगू, असं मी मोठ्याने म्हणाले (घरात कुणी नव्हतं), चिठ्ठीच्या आणखी दोन घड्या घातल्या आणि ती सुईदोऱ्याच्या डब्यात टाकून दिली. ट्यूबवर मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं होती. चष्मा गाडीत राहिला होता. मी म्हटलं, क्रीम आहे, तोंडाला लावायचं. यात वाचायचं काय?

आणि लावलं. हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही, हे तुम्हीच सगळीकडे सांगत असता. टूथब्रशवर पेस्ट घेतो तेवढं बोटावर घेतलं आणि ओल्या तोंडावर चोपडलं. डोळ्यांखाली जास्त, कारण सुरकुत्या तिथे. नाकाच्या दोन्ही बाजूंना जास्त, कारण तिथे घड्या. सकाळी अंघोळीनंतर एकदा आणि संध्याकाळी घरी आल्यावर एकदा, कारण फोटोला चारच आठवडे. पहिले चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी जळजळायला लागलं आणि मला आनंद झाला. हो, आनंद! मला वाटलं, जळजळतंय म्हणजे लागू पडतंय. मग कातडी जरा खरखरीत लागली म्हणून मी लिंबाच्या फोडीवर साखर घेऊन तिने घासली. (हे वाचताना तुम्ही कपाळाला हात लावला असेल. लावा. मला तर कपाळाला हातही लावता येत नव्हता.)

त्याच आठवड्यात मी पार्लरमध्ये गेले. पाच फुटी फोटोत ओठावरची लवसुद्धा चार बोटं दिसणार, म्हणून. पार्लरवाल्या बाईने मेण तापवता तापवता मला सरळ विचारलं होतं, चेहऱ्याला काही औषध वगैरे लावता का. मी म्हटलं, छे, काही नाही, पाणी आणि साबण. का खोटं बोलले? कारण चार आठवड्यांनी ती म्हणाली असती, बाई, काय चेहरा उजळलाय, आणि मला म्हणायचं होतं की आमच्या घराण्यातच आहे. तिने पट्टी लावली, ओढली, आणि पट्टीबरोबर माझी कातडी गेली. ओठावरची लव गेली आणि तिच्या जागी तांबडी मिशी आली. ती बिचारी माझ्यापेक्षा जास्त घाबरली. पैसे नको म्हणाली, बर्फ आणला, आणि मला पुन्हा विचारलं, खरंच काही लावत नाही ना. मी तेव्हाही नाही म्हटलं. एकदा धरलेली लेन मध्येच सोडायची नाही, हे मी शिकणाऱ्यांना रोज सांगते.

मग सोलायला सुरुवात झाली. हळूहळू नाही, एके दिवशी सकाळी उठले तर उशीवर पांढरा भुगा. हनुवटीपासून, नाकाच्या कडेने, डोळ्यांखालून पापुद्रे निघायला लागले. आणि खिडकीकडचा गाल, ज्याच्यावर रोज पाच तास ऊन, तो तर भाजल्यासारखा लालबुंद. दुसरा गाल नुसता पांढरट आणि खवल्यांचा. एका बाजूने पाहिलं तर मी रागावलेली आणि दुसऱ्या बाजूने आजारी. तुमच्या भावांना तुम्ही ओळखता, आयुष्य रंगाच्या दुकानात गेलेलं. मला वाटलं, निदान घाबरतील. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, चष्मा वर केला, भिंतीला बघतात तसं माझ्याकडे दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाले, प्रायमर न देता रंग मारला की असंच पोपडे धरतं. वर्तमानपत्र पुन्हा वर. (राग त्यांच्यावर आहेच. त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहिणार आहे, घरातल्या घरात.)

तेव्हा तरी थांबावं की नाही? पण माझा हिशेब असा, की जुनी कातडी निघते आहे म्हणजे खाली नवी येणार, आणि जुनी जितकी लवकर निघेल तितकी नवी लवकर. म्हणून मी आणखी जास्त लावलं. वन्सं, मी हे तुम्हाला का सांगते आहे? कुणालाच सांगितलेलं नाही. पण राग काढायचा तर खरा काढावा.

आता अपघात. हो, अपघात. बसला असाल तर बरं.

माझ्याकडे एक घड्याळं दुरुस्त करणारे काका शिकायला येतात. साठी उलटलेली, परीक्षेत तीनदा नापास, पण जिद्द दांडगी. त्यांची नजर आयुष्यभर भिंगातून बारीक स्क्रू बघून तयार झालेली. लांबचा ट्रक दिसत नाही, पण डॅशबोर्डवरचा केस दिसतो. त्या दिवशी आम्ही चक्कर मारून परत येत होतो. ऊन कडक, मला घाम आलेला, आणि घाम त्या सोललेल्या कातडीवरून ओघळून जिथे जिथे लागत होता तिथे तिथे जणू कुणी तिखट टाकलं होतं. डोळ्यांत तर इतकं झोंबलं की मी दोन्ही हातांनी डोळे धरले. नेमकी स्कूलच्या फाटकाशी गाडी वळत होती आणि काकांनी मान पूर्ण माझ्याकडे वळवून अतिशय सभ्यपणे सांगितलं, “बाई, तुमच्या गालाचा एक तुकडा लोंबतोय.”

माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. बावीस वर्षं त्या ब्रेकवर माझा पाय झोपेतसुद्धा वेळेवर पडत आला. त्या दिवशी मला काही दिसतच नव्हतं. पाय पडला तेव्हा गाडी भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका लोखंडी चौकटीत घुसली होती. ती चौकट नव्या बोर्डाची होती. सकाळीच वेल्डिंग करून आणली होती, माझ्या पाच फुटी फोटोसाठी.

कुणाला लागलं नाही. गाडीचा एक दिवा फुटला. काका रडायला लागले, कारण त्यांना वाटलं चूक त्यांची. मी त्यांना म्हटलं, काका, चूक तुमची नाही, माझ्या चेहऱ्याची आहे. तर ते आणखी रडले. मालक बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, वाकलेल्या चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले. म्हणाले, बाई, हे पसरतं का? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, तरी पण पंधरा दिवस घरी बसा. बोर्ड परवा लागला. चौकट ठोकून सरळ केली आहे, पण एका कोपऱ्यात अजून पोक आहे. माझा फोटो नाही. एक स्टिअरिंगचं चित्र आहे, नुसतं, हवेत तरंगणारं. आणि ओळ काय, तर “अनुभवी शिक्षक.” बावीस वर्षं आणि एकही अपघात नाही, हे आता लिहिता येत नाही, वन्सं. खोटं होईल. बावीस वर्षं जे मी मिळवलं ते अडीच आठवड्यांत तुमच्या करंगळीएवढ्या ट्यूबने घालवलं. याचं तुमच्या दुकानात काही औषध आहे का?

दुसऱ्या दिवशी सूनबाई मला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी नको म्हणत होते, पण तिने माझी पर्स उचलली आणि दारात जाऊन उभी राहिली. (मुलगी बोलत कमी आणि करते जास्त. आपल्या घरात असं माणूस प्रथमच आलं आहे.) डॉक्टरीणबाई तरुण, आवाज इतका हळू की मला पुढे वाकून बसावं लागलं. त्यांनी विचारलं, किती लावत होतात. मी बोटावर दाखवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. किती वेळा? दोनदा. डोळ्यांखाली? हो. उन्हात जाताना वर काही? टोपी, छत्री, उन्हाचं क्रीम? मी म्हटलं, उन्हाचं वेगळं क्रीम असतं हेच मला माहीत नाही. लिंबाचं मी सांगितलं नसतं, पण सूनबाईने सांगितलं. मेणाचंही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, हे औषध लिहून कुणी दिलं. आता बघा हं, वन्सं, इथे मी तुमचं नाव सहज घेऊ शकले असते. मी म्हटलं, नात्यातल्या एकांनी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कसं वापरायचं ते काही सांगितलं नव्हतं का? आणि मी हो किंवा नाही म्हणायच्या आत सूनबाईने पर्समधून तुमची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. बटण लावायला सुईदोरा शोधताना तिला ती सकाळी सापडली होती, आणि औषधाची चिठ्ठी दिसते म्हणून तिने ती घाईत न वाचताच पर्समध्ये टाकली होती.

डॉक्टरीणबाईंनी ती मोठ्याने वाचली. त्या हळू आवाजात तुमचं एकेक वाक्य मी मान खाली घालून ऐकलं. पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच घे. फक्त रात्री लाव. तोंड धुतल्यावर वीस मिनिटं थांब, कातडी पूर्ण कोरडी होऊ दे. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनदाच. डोळे, नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे सोडून दे. वरून साधं मलम लाव, फार कोरडं वाटलं तर आधीही लाव. सकाळी उन्हाचं क्रीम लावल्याशिवाय गाडीत बसू नकोस. लिंबू, साखर, दगड, काहीही घासू नकोस. मेण तर मुळीच नाही. फार जळजळलं तर बंद कर आणि डॉक्टरांना दाखव. आणि तीन महिन्यांच्या आत काही दिसणार नाही, तेव्हा रोज आरसा बघत बसू नकोस.

म्हणजे मी जे जे केलं ते ते करू नकोस म्हणून तुम्ही आधीच लिहून ठेवलं होतं. लिंबूसुद्धा! लिंबाचं तुम्हाला कसं कळलं? माणसाने दुसऱ्या माणसाला इतकं ओळखू नये, असभ्य दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ज्यांनी लिहिलंय त्यांनी फार नीट लिहिलंय, मी माझ्या पेशंटना हेच सांगते. पुढे असंही म्हणाल्या की कातडी न बघता कुणी कुणाला असं औषध पाठवू नये, नात्यातल्यांनी तर नाहीच. हे वाक्य मी तुमच्यासाठी खास लक्षात ठेवलं आहे, दोनदा वाचा. पण पहिलं वाक्य आधी म्हणाल्या. मी मग एकच प्रश्न विचारला, फक्त इभ्रत राखायला: वाटाण्याएवढं म्हणजे ओल्या वाटाण्याएवढं, सुक्या, की भिजवलेल्या? त्या म्हणाल्या, ओल्या, लहान. तुम्ही चिठ्ठीत हे लिहिलं नव्हतं. एवढी एक चूक तुमच्या पदरात आहे आणि मी ती सोडणार नाही.

तीन आठवडे सगळं बंद. साधं पाणी, साधं मलम, उन्हाचं क्रीम आणि मोठ्या काठाची टोपी. पुढे हवंच असेल तर त्यांना दाखवून, आठवड्यातून दोनदा, हळूहळू. मलम लावून मी घरात बसले आहे. पापुद्रे थांबलेत, खिडकीकडचा गाल अजून गुलाबी आहे. रिकामा वेळ भरपूर आहे आणि तो सगळा मी तुमच्यावर रागावण्यात घालवते. तुम्ही पाठवायलाच नको होतं. पाठवलंत तर पहिली ओळ तशी लिहायला नको होती. लिहिलीत तर निदान बाकीचं बरोबर असायला नको होतं. चुकलेल्या माणसावर रागावणं सोपं असतं. बरोबर असलेल्या माणसावर रागावत राहायला फार ताकद लागते, आणि माझी सगळी त्यातच खर्च होते आहे.

तेव्हा कृपा करून पुढचे सहा महिने इकडे फिरकू नका. मुलाच्या फोनवरूनही निरोप पाठवू नका. पार्सल आलं तर न उघडता परत जाईल. भावांना भेटायचं असेल तर त्यांना तिकडे बोलवा, मी आनंदाने पाठवीन, हवं तर कायमचं. तब्येत सांभाळा.

तुमची,
भावजय

ता. क. वरचं सगळं मी शुद्धीत आणि विचार करून लिहिलं आहे. एकही शब्द मागे घेत नाही.

ता. क. दोन. चिठ्ठीतली एक ओळ मी वर लिहिली नाही. ती अगदी शेवटी होती आणि तुम्ही तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. “नव्या सूनबाईला याला हात लावू देऊ नकोस. दिवस असतील किंवा राहायची शक्यता असेल तर हे वापरायचं नसतं.” डॉक्टरीणबाईंनी तीही वाचली. मी सूनबाईकडे पाहिलं तर तिच्या तोंडावरचा रंग गेला होता. ती गाडीत येऊन बसली, पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला, आणि मग म्हणाली, “आई, मी हनुवटीला लावत होते. पुटकुळ्यांना. तुम्हाला न विचारता. दहा-बारा दिवस.” मी म्हटलं, त्यात काय, बंद कर. ती म्हणाली, मला दिवस गेलेत. कालच कळलं. अजून त्यालाही सांगितलं नाही.

वन्सं, बावीस वर्षांत प्रथमच मला गाडी सुरू करता आली नाही. किल्ली हातात होती. ट्यूब बाथरूमच्या फळीवर मीच उघडी ठेवली होती आणि चिठ्ठीची घडी मीच घातली होती. पहिल्या ओळीचा राग आला म्हणून मी शेवटची वाचली नाही, आणि ती माझ्यासाठी नव्हतीच, तिच्यासाठी होती.

शेवटी सुरू केली आणि गाडी तशीच बायकांच्या डॉक्टरांकडे नेली. त्या म्हणाल्या, आजपासून बंद. कातडीतून रक्तात जातं ते फार थोडं, आणि नकळत काही दिवस लावलं गेलं म्हणून बाळाला काही झालंच असेल असं समजू नका. याच जातीच्या गोळ्या पोटात घेतल्या असत्या तर गोष्ट वेगळी आणि गंभीर होती. तपासण्या वेळेवर करू, सगळ्या नोंदी ठेवू, घाबरून झोप घालवायचं कारण नाही. मला पटलं. तुमच्या भावांना पटलं. मुलाला त्याच संध्याकाळी सांगितलं, त्यालाही पटलं. तो आता दिवसातून चार वेळा तिला बसायला खुर्ची देतो. पण पोरीला पटत नाही. बोलत नाही, खात नाही, दर थोड्या वेळाने जाऊन हनुवटी धुते. काल मी तिच्याजवळ बसले तेव्हा म्हणाली, “आत्यांना विचारा ना. त्यांनी रेघा मारल्या होत्या. त्या सांगतील ते खरं.” मी म्हटलं, फोन लावून देते, तर नको म्हणाली. म्हणाली, त्या बोलताना मला त्यांच्या तोंडाकडे बघायचंय.

ता. क. तीन. तेव्हा या. वर लिहिलेलं तसंच राहू दे, पण या. गुरुवारी सकाळची गाडी घेतलीत तर दुपारी पोहोचाल, मी न्यायला येईन. टोपी घातलेली, एका गालाने लाल बाई दिसली की ती मी. किती दिवसांसाठी ते आत्ता ठरवू नका. तुमची खोली मी आवरून ठेवली आहे, खिडकीला पडदा बदलला आहे आणि पलंग भिंतीपासून लांब घेतला आहे, तुमच्या गुडघ्याला पाय खाली सोडायला जागा लागते म्हणून.

एकच करा. तिच्यासमोर “मी लिहिलं होतं” असं म्हणू नका. एकदाही नको, गमतीतसुद्धा नको. मला म्हणा. आल्या आल्या म्हणा, जेवताना म्हणा, विहीणबाईंसमोर म्हणा, रोज म्हणा. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेईन.